दुरुस्तीला दिली आहे

मुकुंदराव खरवडीकरांनी नवी बेस गिटार घ्यायचं ठरवलं, त्याला कारण मंदार. मंदार हा सुरतेच्या महाराष्ट्र मंडळातला पंचविशीचा तरुण. हिऱ्यांच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि मंडळाच्या कार्यक्रमांत साधी गिटार बरी वाजवतो. गणपतीच्या सातव्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर त्याने मुकुंदरावांची लाल गिटार हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि भर मांडवात, वीसेक माणसांसमोर विचारलं, "काका, हा बिगिनर पीस आहे ना? अजून यावरच?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मुकुंदराव म्हणजे लिंबायतच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. "अजून तिथेच का?" हा प्रश्न त्यांनी हजारो मुलांना विचारला होता, त्यांना तो कुणी विचारायची ही पहिलीच वेळ. बिगिनर हा शब्द गिटारीला लावलेला आहे हे त्यांना समजत होतं, पण लागला तो त्यांना. घरी येऊन त्यांनी ताटातला मोदक अर्धा ठेवला, आणि उज्ज्वलाताई काय समजायचं ते समजल्या.

"कोण काय बोललं?" त्यांनी विचारलं.

"कुणी काही नाही. गिटार बदलावी म्हणतो."

"जुनीतलं सगळं वाजवून संपलं का?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. बायकोच्या बऱ्याच प्रश्नांना नसतं, म्हणून मुकुंदराव आंघोळीला गेले.

आता बेस गिटार म्हणजे काय, हे उधन्याच्या त्यांच्या सोसायटीत सहा वर्षं समजावून ते थकले होते. साध्या गिटारीहून लांब दांडा, जाडजूड चार तारा आणि खालचा, छातीत घुमणारा आवाज; चाल दुसऱ्याने वाजवायची, हिने खालून साथ द्यायची. एवढंच. पण लोकांना तारांचं फार लागतं. "बाकीच्या दोन कुठे गेल्या?" हा प्रश्न तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येकाने निदान दोनदा विचारला होता. पाणी सोडणाऱ्या उखाने तर "शेठने फसवलं वाटतं" अशी सहानुभूतीही दाखवली होती. मुकुंदराव प्रत्येकाला शांतपणे समजावत. शिक्षकी पेशात एक गोष्ट अंगवळणी पडते, समोरच्याला समजलं नाही तरी आपलं समजावून झालं की समाधान होतं.

तारा न मोजणारा माणूस सबंध सुरतेत एकच होता, तो राघो.

राघो हा लिंबायतमधल्या कापडाच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की दुरुस्त करणारा मास्टर. मूळचा अमळनेरकडचा, आणि बेंजो वाजवण्यात पट्टीचा. बेंजो म्हणजे बटणं दाबून आणि तारा छेडून वाजवायचं ते वाद्य, ज्याच्याशिवाय खानदेशातला नवरदेव घोड्यावर चढत नाही. राघोची मुलगी वर्षा मुकुंदरावांच्या वर्गात होती, त्यातून ओळख झाली. पुढे शनिवारी अर्धी शाळा सुटली की चौथी 'ब'च्या रिकाम्या वर्गात एका बाकावर राघो आणि एका बाकावर गुरुजी, असा सहा वर्षांचा नेम पडला. बेंजो आणि बेस गिटार ही जोडी जगात आणखी कुठे असेल असं वाटत नाही. असण्याचं कारणही नाही. पण दोघांना त्यात जो आनंद होता तो खरा होता, आणि मुकुंदरावांच्या आठवड्याला शनिवार सोडला तर सांगण्यासारखा दुसरा वार नव्हता.

ती लाल गिटार वाजण्याजोगी केली होती तीही राघोनेच. नवी आणली तेव्हा तिच्यातून सूर कमी आणि खरखर जास्त यायची. राघोने तिला कान लावला, लूमवर करतात तशी बोटाने टकटक केली आणि दोन शनिवार ती उघडून बसला. तारा जिच्यावरून जातात ती प्लास्टिकची पट्टी काढून त्याने लूममधल्या मोडक्या धोट्याच्या लाकडाची पट्टी घासून बसवली. मानेचा एक स्क्रू फिरून फिरून सैल झाला होता, तिथे आगकाडीचा तुकडा ठोकून तो घट्ट केला. त्यानंतर ती गिटार अशी वाजू लागली की मुकुंदरावांना वाटलं, आपला हात सुधारला.

ही समजूत त्यांनी सहा वर्षं बाळगली.

नवी गिटार घ्यायची तर पहिल्यांदा राघोला सांगायला हवं होतं. हे वाक्य मुकुंदरावांनी नंतर मनाशी इतक्यांदा म्हटलं, की शाळेत प्रतिज्ञा म्हणवून घेताना मध्येच ते तोंडात यायची भीती वाटे. तेव्हा मात्र त्यांनी स्वतःची समजूत घातली: राघोला सांगितलं तर तो म्हणणार, आणा इकडे, हीच नीट करून देतो. आणि तो खरंच करून देईल. मग मंदारला काय दाखवायचं? तेव्हा आधी घेऊ आणि मग राघोला चकित करू. माणूस जवळच्यापासून काही लपवतो तेव्हा 'चकित करू' हे कारण फार सोयीचं पडतं.

राघो सोडून बाकी सगळ्यांना कळलं. मंडळाच्या चिटणीस शोभाबाई यांनी कोजागिरीच्या कार्यक्रमासाठी छापील अर्ज भरायला दिला. 'वाद्य', 'वाद्याचा प्रकार', 'वाद्य स्वतःचे की मागून आणलेले', आणि खाली 'वाद्यास लागणाऱ्या खुर्च्या'. मुकुंदरावांनी प्रकाराच्या रकान्यात 'नवीन घेत आहे' असं प्रामाणिकपणे लिहिलं. शोभाबाईंनी चष्मा वर करून वाचलं. "घेत आहे चालत नाही, मास्तर. काय घेताय ते लिहा. पत्रिका छापायला जायचीय." समोर मंदार उभा होता. मुकुंदराव म्हणाले, "पाच तारांची." का म्हणाले ते त्यांनाही सांगता येणार नाही. बहुधा उरलेल्या तारांबद्दल विचारणाऱ्यांना एक तरी तार परत करावी अशी भावना असेल. पत्रिकेत छापून आलं, 'बेंजो: राघो पाटील. पाच तारी आधुनिक गिटार: मुकुंद खरवडीकर.' आता माघार घेण्याचा प्रश्न नव्हता.

पत्रिका राघोच्या हातात पडू नये म्हणून मुकुंदरावांनी लिंबायतचा गठ्ठा स्वतः वाटायला घेतला आणि दप्तरात ठेवून दिला.

खरेदीला ठाकोरभाई आले. ठाकोरभाई समोरच्या फ्लॅटमधले, रिंगरोडच्या मार्केटात साड्यांची पेढी असलेले. सुरतेत मोठी वस्तू घ्यायला माणूस एकटा जात नाही. भाव करायला कुणीतरी जाणता बरोबर लागतो. हे काम ठाकोरभाई सबंध मजल्यासाठी करतात आणि त्याबद्दल चहाखेरीज काही घेत नाहीत. त्यांना गिटारीतलं काही कळत नव्हतं, पण माल कळत होता.

"मास्तर, तमे बोलता नहीं," जिन्यातच त्यांनी बजावलं. "बोलवानुं काम मारुं."

जुनी लाल गिटार मुकुंदरावांनी बरोबर घेतली ती केवळ मापासाठी. दांडा किती लांब, हात कुठवर पोचतो, हे ताडून पाहायला. हे त्यांनी ठाकोरभाईंना सांगितलं होतं की नव्हतं, यावर पुढे घरात पुष्कळ चर्चा झाली. नव्हतं.

नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस होता आणि भागळकडच्या वाद्यांच्या दुकानात गर्दी होती. चारपाच कॉलेजची मुलं गिटारी मांडीवर घेऊन अशी काही वाजवत होती की बोटं दिसत नव्हती. दुकानदाराने बेस गिटार काढून मुकुंदरावांच्या हातात दिली आणि म्हणाला, "बजाके देखिए, साहब." दुकान एकदम शांत झालं, निदान मुकुंदरावांना तसं वाटलं. त्यांनी सगळ्यात जाड तार एकदा छेडली. ढुंग. सगळी मुलं आपल्याकडे बघताहेत असा त्यांना भास झाला. "छान आहे," ते म्हणाले आणि गिटार परत केली. अशा चार गिटारी त्यांनी एकेका ढुंगवर तपासल्या. साडी घेताना उज्ज्वलाताई निऱ्या करून बघतात, पदर खांद्यावर टाकून आरशात दोन्ही बाजूंनी पाहतात. पण सहा वर्षं वाजवणाऱ्या माणसाला गिटार वाजवून बघायची लाज वाटली.

निवड मग ठाकोरभाईंनी केली. त्यांनी एकेक गिटार दोन्ही हातांनी उचलून तोलली, लाकडावरून साडीच्या पोतावरून फिरवतात तसा तळवा फिरवला आणि फिकट लाकडाची, पाच तारांची, सगळ्यात जड गिटार वर धरून, जड तोच चांगला माल, असा निकाल दिला. "वजन जुओ, वजन! हलकामां शुं माल होय?"

पुढची वीस मिनिटं बघण्यासारखी होती. दुकानदार आणि ठाकोरभाई एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करत, एकमेकांना लुटारू ठरवत, दोनदा उठून गेले आणि तीनदा बसले. शेवटी गाडी थोडक्यासाठी अडली, आणि ठाकोरभाईंनी, लढाईच्या ऐन भरात, मुकुंदरावांच्या मांडीवरची लाल गिटार उचलून काउंटरवर ठेवली. "लो! आ जूनी पण लई लो. हवे बोलो!"

दुकानदार हसला आणि त्याने हात पुढे केला.

मुकुंदरावांनी तोंड उघडलं. 'ती नाही' असे दोनच शब्द म्हणायचे होते. पण आपल्यासाठी भाव करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाने दुकानदारासमोर खोटं पाडायचं, याहून मोठा कृतघ्नपणा सुरतेच्या बाजारात नाही. ठाकोरभाई घामाने भिजले होते, विजयी होते. त्यांनी वळून मुकुंदरावांकडे असं पाहिलं, की मुकुंदराव म्हणाले, "बरं."

दुकानातल्या पोराने लाल गिटार मानेला धरून आत नेली. बिल ठाकोरभाईंच्या पेढीच्या नावाने झालं, कारण त्यात काहीतरी फायदा होता. तीन दिवसांत परत करता येईल असं दुकानदार म्हणाला. मुकुंदरावांनी ते नीट लक्षात ठेवलं आणि रिक्षात नवी गिटार मांडीवर घेऊन बसले. उधन्यापर्यंत त्यांच्या दोन्ही मांड्यांना मुंग्या आल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. उज्ज्वलाताईंनी पाटावर वह्या-पुस्तकं, सुरी-कात्री, मुकुंदरावांचं शाळेचं पेन आणि भिंतीला टेकवून नवी गिटार मांडली. फिकट लाकूड पाहून त्यांना उत्साह आला. कुंकू कालवून त्यांनी गिटारीच्या पोटावर वीतभर स्वस्तिक काढलं, चार टिंबांसह. एकदा पूजेला लावली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही, हा खरवडीकरांकडचा नियम. मुकुंदराव लहान होते तेव्हा या नियमाचा त्यांनी फार फायदा घेतला होता, अभ्यासाची सगळी पुस्तकं पूजेला लावून. आता मात्र तीन दिवसांतले दोन दिवस ते त्या गिटारीसमोर हात जोडून बसले होते.

आणि नवमीला संध्याकाळी राघो आला. हाही सहा वर्षांचा नेम. सकाळी गुरुजींनी लिंबायतला जाऊन बेंजोला हळदकुंकू वाहायचं आणि संध्याकाळी राघोने उधन्याला येऊन गिटारीला. मुकुंदराव सकाळी डोकं दुखतंय म्हणून गेले नव्हते. राघो येणार हे त्यांना माहीत होतं, पण कसं कोण जाणे, येणार नाही असं त्यांनी मानून घेतलं होतं.

राघोने चपला काढल्या, पाटापाशी गेला, चिमूट कुंकवात घातली आणि थांबला.

"नवी लिन्ही का, गुरुजी?" त्याचा चेहरा फुलला. "भारी शे. पाच तार!" त्याने वाकून मनापासून कुंकू वाहिलं, नमस्कार केला. मग इकडेतिकडे पाहिलं. "आन् जुनी कोठे शे? तिले बी लावतू ना."

इथे खरं सांगता आलं असतं. ठाकोरभाईंच्या भरात गेली, मला नाही म्हणता आलं नाही, चूक झाली. राघो हळहळला असता, कदाचित हसलाही असता. पण मुकुंदराव सगळ्यात पहिल्यांदा तोंडात आलं ते बोलले.

"दुरुस्तीला दिली आहे."

स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज बंद झाला.

"दुरुस्तीले?" राघो म्हणाला. "कोनाकडे?"

"भागळला... एक आहे कारागीर."

"काय व्हयनं तिले?"

"थोडी खरखर होती."

राघोने मान हलवली. कुंकवाची उरलेली चिमूट त्याने हळूच परत करंड्यात सोडली. "चांगला मानूस शे ना? नही, म्हनीसन इचारं," एवढंच तो म्हणाला. मग तो चहाला थांबला नाही. उद्या दसऱ्याची सुट्टी असली तरी आज मशीनची पूजा आहे, असं सांगून गेला.

उज्ज्वलाताई बाहेर आल्या. "सुताराला सांगायचं, की खुर्ची दुसऱ्या सुताराकडे दिलीय," त्या म्हणाल्या. "दुसरं काही सुचलं नाही का हो तुम्हाला? चोरीला गेली म्हणायचं होतं!"

चोरीला गेली हे खरंच बरं दिसलं असतं. मुकुंदरावांना रात्रीच्या जेवणात काही गोड लागलं नाही.

दसऱ्याला फाफडा-जिलेबीची रांग, आपट्याची पानं, सोसायटीतले सगळे नमस्कार उरकून उत्तरपूजेनंतर त्यांनी अखेर गिटार गळ्यात घातली, आणि पट्टा खांद्यात असा रुतला की ते डावीकडे कलले. वर जास्तीची पाचवी तार होती. सहा वर्षं त्यांचा अंगठा वरच्या जाड तारेवरून घर ओळखत होता. आता त्या घरावर कुणी आणखी एक मजला चढवला होता. हात जाई तिथे दुसराच सूर निघे. शिवाय दांड्यावर बोटं दाबायची जी घरं असतात, त्यातल्या चौथ्याला खरखर होती, आणि ती खरीच होती. ती काढणारा हात सुरतेत एकच होता आणि त्याला तर कारागीर दुसराच असल्याचं सांगून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ते गिटार परत करायला गेले. दुकानदार म्हणाला, बिल पेढीच्या नावाचं आहे, तर पेढीच्या कागदावर सहीशिक्क्यासह अर्ज आणा. ते रिंगरोडला गेले. शिक्का मुनीमजींच्या कपाटात होता आणि मुनीमजी दसऱ्याचे गावी गेले होते. ठाकोरभाईंनी बिचाऱ्यांनी कुलूप फोडलं. मात्र 'माल पसंत नथी' असं लिहिताना त्यांचा हात दोनदा थांबला; त्यांच्या पेढीच्या इतिहासात हे वाक्य त्यांनी फक्त वाचलं होतं. अर्ज घेऊन मुकुंदराव परत भागळला आले. दुकानदाराने शिक्का पाहिला, गिटार पिशवीतून काढली आणि उजेडात धरली. मुकुंदरावांनी ओल्या फडक्याने स्वस्तिक पुसायचा प्रयत्न केला होता. लाकडाला पॉलिश नव्हतं. कुंकू आत मुरलं होतं आणि स्वस्तिक होतं त्याहून मोठं, गुलाबी झालं होतं.

दुकानदाराने गिटारीला नमस्कार केला आणि ती परत घ्यायला नकार दिला. "आ तो हवे भगवाननुं थई गयुं, साहेब. पाछुं केम लेवाय?"

"मग जुनी तरी..."

दुकानदार मराठीवर आला. "ती काल संध्याकाळी गेली. चलथाणहून एक जण आले होते, मुलीला घेतली." मग आठवून तो म्हणाला, "तुमच्या जुनीला फार मागणी होती हो. काल सकाळीसुद्धा एक माणूस बराच वेळ बघत उभा होता. घेतली मात्र नाही."

आपली गिटार कुणाला तरी आवडली या विचाराने मुकुंदरावांना परत येताना थोडं बरं वाटलं. माणूस किती आंधळा असतो ते यावरून दिसतं.

कोजागिरीला मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसातलाच कार्यक्रम सुरू झाला. राघो इस्त्रीचा शर्ट घालून आला, मुकुंदरावांना नेहमीसारखा वाकून नमस्कार केला, बाकावर बसला. जुनीबद्दल एक अक्षर त्याने काढलं नाही. सायली नावाच्या मुलीने भावगीत सुरू केलं, आणि मुकुंदरावांचा अंगठा सवयीने वरच्या तारेवर गेला. म्हणजे पाचव्या. त्यांची बोटं बिनचूक चालली होती, फक्त सबंध गाणं एक तार वरच्या मजल्यावर चाललं होतं. सायलीने दचकून मागे पाहिलं. शोभाबाईंनी दुधाचा डाव पातेल्यात सोडला. मुकुंदरावांना काहीतरी चुकतंय हे समजलं, काय चुकतंय ते समजेना, आणि घाबरून ते आणखी जोरात वाजवू लागले.

तेव्हा राघोने काय केलं, ते संगीतातलं कळणाऱ्या मंदारने नंतर सगळ्यांना सांगितलं. त्याने बेंजोचा आवाज एकदम वाढवून गिटार झाकून टाकली. मधल्या जागेत तो स्वतः मुकुंदरावांच्या चुकीच्या पट्टीत गेला, जणू तसंच ठरलं होतं. तिथून एकेक सूर ठाशीव वाजवत, पुन्हा पुन्हा त्याच सुरावर थांबत, त्याने त्यांना हाताला धरून घरी आणलं. शेवटच्या कडव्याला दोघं बरोबर होते. टाळ्या पडल्या.

"काका, नवा पीस झक्कास," मंदार म्हणाला.

ज्या वाक्यासाठी हे सगळं केलं होतं ते मिळालं, आणि मुकुंदरावांना खाली मान घालावीशी वाटली. वर पाहिलं तेव्हा राघो बेंजो गुंडाळून निघून गेला होता. दूधही प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चांदणी पडवो. या दिवशी चांदण्यात बसून घारी ही तुपाळ मिठाई खायची, म्हणून सगळी सुरत ती घेऊन गच्च्यांवर जायच्या तयारीत होती. मुकुंदरावांनी घारीचा डबा घेतला, गिटार खांद्याला लावली आणि दुपारी लिंबायतला राघोच्या खोलीवर गेले. राघोच्या बायकोने, सुंदराने, पाणी दिलं आणि ती आत गेली. मुकुंदराव उभ्यानेच म्हणाले, "राघो, मी तुला खोटं सांगितलं. ती दुरुस्तीला नाही दिली. देऊन टाकली, बदल्यात."

"माले म्हाईत शे, गुरुजी," राघो म्हणाला.

मुकुंदराव बसले.

"दसराले सुट्टी व्हती. सकायमाच भागळले गऊ मी," राघो सांगू लागला. त्याच्या आवाजात राग नव्हता, लूमचा बिघाड सांगावा तसं तो सांगत होता. "मानेना तिसरा स्क्रूमा आगकाडी शे ना. त्या कारागीरले म्हाईत नही. जोर लावता तं लाकूड फाटतं. म्हनं जाईसन सांगी येवो, की बाबा, जरा धीरे फिरव. चार दुकानं फिरनू. कारागीर कोठे भेटना नही. मंग एक दुकानमा ती टांगेल दिसनी."

घरात पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी घारीचा भाव विचारत होतं.

"मग मला बोलला का नाहीस?" मुकुंदरावांनी विचारलं. "काल स्टेजवर सुद्धा..."

"तुम्ही गुरुजी शेतस. तुम्ही सांगं, दुरुस्तीले दिनी. मी काय बोलू?" राघोने हात पुढे केला. "आना, ती द्या इकडे. काल चौथा घरमा खरखर करत व्हती."

त्याने दोन तास काम केलं. पट्टी काढून घासली, दांड्यावरच्या तारा सारख्या केल्या, कान लावून टकटक केली. मुकुंदराव समोर बसून पाहत राहिले. काम झाल्यावर राघोने गिटार फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिली. मुकुंदरावांनी एक तार छेडली, आणि असा गोल, भरदार सूर निघाला, की त्यांच्या तोंडून "वा!" गेलं. त्यांना वाटलं आता राघो बेंजो काढेल. राघो उठला आणि हात धुऊन आला.

"दुसरी पाळी शे," तो म्हणाला. "घारी चांगली शे, गुरुजी. बाईसले सांगज्यात."

तो भांडला असता तर फार बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी मुकुंदराव चौथी 'ब'त दीड तास बसले. त्याच्या पुढच्या शनिवारी एक तास. कारखान्यात कामाचा ताण आहे, असा निरोप वर्षाच्या हाती आला. निरोप खराही असेल. दिवाळी तोंडावर होती आणि सगळेच लूम धडधडत होते. रस्त्यात भेटला तर राघो अजून वाकून नमस्कार करतो, शाळेची, उज्ज्वलाताईंची चौकशी करतो. काही बिघडलं आहे असं कुणाला दाखवून देता येणार नाही.

तिसऱ्या शनिवारी ते शाळेतून थेट घरी आले. जेवण झाल्यावर खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि गिटार मांडीवर घेतली. आता ती वजनदारही वाटत नव्हती, पाचवी तार कुठे आहे ते अंगठ्याला समजलं होतं, आणि आवाजात कुठे दोष नव्हता. मुकुंदरावांनी कोजागिरीचं ते भावगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. एकही चूक झाली नाही. जिथे बेंजो यायचा तिथे ते मोजून थांबले, आणि मग पुढे गेले.

उज्ज्वलाताई पदराला हात पुसत दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पूर्ण ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण ऐकलं असावं.

"चांगलं वाजलं हो," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कुठलं गाणं होतं?"